जुन्या लेथला टेपर अटॅचमेंट : कार्यशाळेतील एक पाठ



या पानावर आम्ही एरवी परीक्षेची तयारी, वाचनाची सवय, शिस्त अशा विषयांवर लिहितो. या अंकातील विषय थोडा तेलकट आहे. आपल्या शाळेच्या मागच्या बाजूला जी कार्यशाळा आहे, तिच्यातील जुन्या लेथवर गेल्या काही महिन्यांत जे काम झाले, त्याची ही हकीकत आणि त्यातून मिळालेला भूमितीचा धडा. यात आमच्या दोन चुका आहेत. त्या लपवून लेख लिहिला असता तर धडा अर्धाच राहिला असता, म्हणून त्या दोन्ही सांगतो.

एक चक खाली पडला

गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीचा तास चालू असताना कार्यशाळेतील ड्रिलिंग मशीनचा चक आर्बरसह निसटून खाली पडला. तो टेबलावर आपटून फरशीवर आला आणि एका विद्यार्थ्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर थांबला. कोणालाही इजा झाली नाही, ही ईश्वराची कृपा. पण ते आमच्या दक्षतेचे फळ नव्हते, हे आम्हास प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

ज्यांना आर्बर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रिलिंग मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्पिंडलला, खालून एक निमुळते भोक असते. चकच्या डोक्यावर तसाच निमुळता पोलादी दांडा असतो, तो आर्बर. तो या भोकात नुसता दाबून बसवतात. आटे नाहीत, स्क्रू नाही. फक्त निमुळत्या आकाराच्या घट्ट पकडीवर तो टिकतो.

पडलेला आर्बर वर्षभरापूर्वी बाजारातून स्वस्तात करून आणलेला होता. बिलावर सही आमची होती. ‘दिसायला तर अगदी सारखा आहे,’ असे म्हणून आम्ही ती केली होती. ही पहिली चूक. निमुळता दांडा डोळ्यांना सारखा दिसला म्हणजे तो सारखा असतोच असे नाही, हे पुढे कळले.

या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत कार्यशाळा बंद करावी, लेथ भंगारात द्यावा आणि त्या खोलीत संगणक ठेवावेत असा प्रस्ताव आला. त्याला आम्हीच लेखी अनुमोदन दिले होते. मुलांच्या जिवापेक्षा लेथ मोठा नाही, असे त्यात आम्ही लिहिले. आमचे कार्यशाळा शिक्षक, ज्यांना सगळी मुले काका म्हणतात, ते त्यावर एवढेच म्हणाले, “साहेब, चक लेथमुळे पडला नाही. आर्बर चुकीचा होता म्हणून पडला. मला दोन महिने द्या, बरोबर आर्बर याच लेथवर करून दाखवतो.” मंडळाने दोन महिने दिले.

‘निमुळता’ हा शब्द

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लेथला आम्ही ‘खराद’ म्हणायला शिकलो आणि टेपरला ‘गावदुम’. गावदुम म्हणजे गाईच्या शेपटीसारखे, वर जाड आणि खाली बारीक होत गेलेले. शब्द चित्रमय आहे. पण आपल्या मायबोलीत याला ‘निमुळता’ हा किती सुरेख शब्द आहे! इंदूरच्या घराघरांतून आजीच्या तोंडी तो अजून ऐकू येतो. बोटे निमुळती असतात, समईचा दांडा निमुळता असतो, वांगे देठाकडे निमुळते असते. तसेच लेथला मराठीत ‘कातयंत्र’ म्हणतात आणि लाकूड कातून पोळपाटाचे पाय व पाळण्याचे खांब करणारा तो ‘कातारी’. मुलांनी हे शब्द वहीत लिहून ठेवावेत. कार्यशाळेत मात्र आपण लेथ आणि टेपरच म्हणतो, कारण दुकानात तेच मागावे लागते.

टेपर का धरून ठेवतो?

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आपण त्यात पाचर मारतो. पाचर जितकी बारीक उताराची, तितकी ती घट्ट बसते आणि आपणहून निघत नाही. जाड, बुटकी पाचर मात्र ठोकली तरी उडून येते. टेपर म्हणजे दुसरे काही नसून गोल पाचर होय.

याचे शास्त्र घर्षणात आहे. पोलादावर पोलाद घसरायचे असेल तर उतार साधारण आठ-नऊ अंशांचा तरी लागतो. त्याला घर्षणकोन म्हणतात. टेपरची बाजू अक्षाशी याहून पुष्कळ लहान कोन करीत असेल, तर एकदा दाबून बसवलेला दांडा घर्षणानेच अडकून राहतो. ड्रिलिंग मशीनमध्ये जो मोर्स टेपर वापरतात, त्याच्या बाजूचा कोन सुमारे दीड अंशच आहे. म्हणून तो इतका घट्ट बसतो की काढताना स्पिंडलच्या खाचेत ड्रिफ्ट नावाची चपटी पाचर घालून ठोकावी लागते. पाचरीने बसलेले पाचरीनेच निघते!

याउलट मिलिंग मशीनच्या स्पिंडलमध्ये बहुधा २४ ला ७ असा मोठा टेपर असतो. त्याच्या बाजूचा कोन सुमारे आठ अंश अठरा मिनिटे, म्हणजे घर्षणकोनाच्या आसपास. तो अडकून राहत नाही, सहज सुटतो. म्हणून त्याला आतून लांब बोल्टने किंवा तशाच साधनाने ओढून धरावे लागते.

मोर्स टेपर हे नाव अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांचे. १८६३ साली त्यांनी पीळ असलेल्या ड्रिलचे पेटंट घेतले आणि त्याच दशकात हा टेपर रूढ झाला. आज दीडशे वर्षांनंतरही जगभर तोच चालतो. याचे वेगवेगळे क्रमांक आहेत. आपल्या ड्रिलिंग मशीनचा स्पिंडल ३ क्रमांकाचा आहे. त्याच्या मोठ्या टोकाचा व्यास २३.८२५ मि.मी. आणि टेपर १९.९२२ ला १, म्हणजे लांबी सुमारे २० मि.मी. झाली की व्यास १ मि.मी. कमी होतो.

आता पडलेल्या आर्बरचे काय झाले ते पाहा. काकांनी त्यावर निळ्या शाईच्या, म्हणजे मार्किंग ब्ल्यूच्या, तीन बारीक उभ्या रेघा ओढल्या, तो स्पिंडलमध्ये हलकेच बसवून थोडा फिरवला आणि बाहेर काढला. रेघा फक्त मोठ्या टोकापाशी, बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पुसल्या गेल्या होत्या. बाकी सगळीकडे जशाच्या तशा. म्हणजे आर्बरचा कोन भोकाच्या कोनापेक्षा मोठा होता. तो तोंडाशी अडकत होता आणि आत अधांतरी होता. एवढ्याशा पट्ट्यावर तो वर्षभर टिकला आणि मशीनच्या थरथरीने एके दिवशी सुटला.

मुलांनो, हा नियम लक्षात ठेवा. आर्बरचा कोन मोठा असेल तर रेघ मोठ्या टोकाला पुसली जाते, कोन लहान असेल तर बारीक टोकाला. कोन बरोबर असेल तर रेघ सगळ्या लांबीवर पुसली जाते. आम्ही सही करण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा घेतली असती, तर तो प्रसंग आलाच नसता.

टेपर कापण्याच्या रीती

लेथवर टेपर कापण्याच्या मुख्य रीती चार आहेत.

पहिली, टूललाच तिरपी धार देऊन. ही फक्त अगदी लहान लांबीला चालते.

दुसरी, वरची लहान स्लाइड, म्हणजे कंपाउंड, हव्या त्या अंशात वळवून. यात टूल हाताने पुढे सरकवावे लागते. हात सारखा चालत नाही, त्यामुळे पृष्ठभाग ओबडधोबड होतो. शिवाय स्लाइडच्या चालीपेक्षा लांब टेपर होत नाही.

तिसरी, टेलस्टॉक बाजूला सरकवून. लांब आणि कमी उताराच्या कामाला ही ठीक आहे. पण किती सरकवायचे ते कामाच्या एकूण लांबीवर ठरते, म्हणून दर कामाला नवे गणित. सेंटर तिरके टेकतात आणि झिजतात. काम झाल्यावर टेलस्टॉक पुन्हा सरळ करण्यात अर्धा दिवस जातो. आणि भोकाच्या आतला टेपर या रीतीने कापताच येत नाही.

चौथी, टेपर अटॅचमेंट. लेथच्या मागच्या बाजूला एक सरळ मार्गदर्शक पट्टी तिरपी बसवतात. तिच्यावर एक ठोकळा सरकतो. हा ठोकळा क्रॉस स्लाइडला जोडलेला असतो. कॅरेज लांबीच्या दिशेने चालू लागली की ठोकळा तिरप्या पट्टीवरून जातो आणि क्रॉस स्लाइडला आत किंवा बाहेर ओढतो. टूल आपोआप तिरपे चालते. स्वयंचलित फीड वापरता येतो, बाहेरचा आणि आतला दोन्ही टेपर कापता येतात, टेलस्टॉकला हात लावावा लागत नाही.

आपल्या लेथला ही सोय मुळात नव्हती. हा सहा फुटी लेथ हरिहरच्या मैसूर किर्लोस्कर कारखान्याचा. १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या किर्लोस्करांनी १९४१ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात हरिहर येथे हा कारखाना काढला. मराठी घरांत किर्लोस्कर हे नाव मासिकामुळेही परिचित आहे. ते मासिकही १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने कारखान्याचे वार्तापत्र म्हणूनच सुरू झाले होते. असो. आपल्या लेथसाठी तयार अटॅचमेंट आता मिळणे कठीण, म्हणून ती घडवूनच बसवायची असे ठरले.

कसे बसवले?

या कामी एका विद्यार्थिनीच्या आजोबांचे फार साहाय्य झाले. ते येथील कापड गिरणीच्या दुरुस्ती खात्यात टर्नर होते. त्यांनी आल्याबरोबर पहिली अट घातली, “बेडला एकही नवीन भोक पाडायचे नाही.” बेड हा लेथचा कणा. त्यात उगीच छिद्रे पाडली की पुढच्या पिढीला आपली चूक सोसावी लागते. सुदैवाने बेडच्या मागच्या भिंतीला तेलाचे शिंतोडे अडवणारा पत्रा बसवण्याची चार आट्यांची भोके होती. पत्रा केव्हाच गेला होता. तीच भोके वापरली.

भाग असे केले :

१. लोखंडी अँगलचे दोन ब्रॅकेट. त्यांची भोके लांबट ठेवली, म्हणजे उंची वरखाली करता येते.

२. त्यांवर ५०० मि.मी. लांब, १२ मि.मी. जाड अशी आधारपट्टी.

३. आधारपट्टीवर ४५० मि.मी. लांबीची मार्गदर्शक पट्टी. मध्यभागी १२ मि.मी.ची पिन, तिच्याभोवती ती थोडी वळते. दोन्ही टोकांना खाचा आणि घट्ट करण्याचे बोल्ट. ही एवढीच पट्टी बाहेरून सरफेस ग्राइंडिंग करून आणली, कारण ती जितकी सरळ तितकाच टेपर सरळ.

४. पट्टीवर सरकणारा बिडाचा ठोकळा. त्याच्या एका बाजूला पितळी गिब आणि तीन लहान स्क्रू. स्क्रूंनी गिब दाबली की ठोकळ्याचा हलका सैलपणा जातो.

५. ठोकळ्यापासून क्रॉस स्लाइडच्या पाठीपर्यंत जाड पट्टीचा दुवा. ठोकळ्याच्या बाजूला तो पिनेवर फिरतो, कारण पट्टी तिरपी आणि दुवा सरळ. क्रॉस स्लाइडच्या बाजूला लांब खाच, म्हणजे वेगवेगळ्या व्यासाच्या कामासाठी जागा बदलता येते.

ब्रॅकेट बसवल्यावर आधारपट्टी बेडला समांतर आहे ना, हे डायल गेज कॅरेजवर ठेवून तपासले. बेडची मागची भिंत रंधलेली नसते, ती ओतीव आणि खडबडीत असते. म्हणून ब्रॅकेटखाली पातळ पत्र्याचे तुकडे देत देत दोन दिवस गेले. मुले कंटाळली. आजोबा म्हणाले, “याच दोन दिवसांत काम होतं. बाकी सगळं नुसतं घट्ट करणं.”

आता महत्त्वाची गोष्ट. ठोकळ्याने क्रॉस स्लाइडला ओढायचे असेल तर क्रॉस स्लाइडचा स्क्रू मोकळा पाहिजे, नाहीतर दोघांची ओढाताण होईल. म्हणून स्क्रूचा नट स्लाइडपासून सोडवला आणि वरच्या भोकावर छिलके आत जाऊ नयेत म्हणून झाकण लावले. कापाची खोली देण्यासाठी कंपाउंड काटकोनात वळवून क्रॉस स्लाइडच्या दिशेत आणला.

यात एक धोका आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावा. लेथवर काही विपरीत घडले की हात सवयीने क्रॉस स्लाइडच्या हँडलकडे जातो आणि टूल मागे घेतो. पण अटॅचमेंट लावलेली असताना ते हँडल नुसते फिरते, टूल जागचे हलत नाही! टूल मागे घ्यायचे ते कंपाउंडच्या हँडलने. म्हणून अटॅचमेंट लावली की त्या हँडलवर ‘हँडल सुटे आहे’ अशी लाल पाटी टांगल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, असा नियम केला आहे. तसेच ठोकळा पट्टीच्या टोकावरून निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना अडसर लावले आहेत.

आमची दुसरी चूक

पट्टी किती तिरपी करायची, हे गणित फळ्यावर आम्ही स्वतः मांडले. पदवीला आमचा विषय गणित होता, त्यामुळे उत्साह होता. ३ क्रमांकाच्या मोर्स टेपरचे मान दर मि.मी.ला ०.०५०२ मि.मी. म्हणून कॅरेज १०० मि.मी. चालली की क्रॉस स्लाइड १०० गुणिले ०.०५०२, म्हणजे ५.०२ मि.मी. सरकली पाहिजे. सॅडलवर डायल गेज लावून, त्याची सुई क्रॉस स्लाइडला टेकवून, कॅरेज १०० मि.मी. लांबीच्या दांडीने मोजून चालवली आणि सुई बरोबर ५.०२ दाखवीपर्यंत पट्टी वळवली. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

काका म्हणाले, “साहेब, आधी भंगाराच्या तुकड्यावर बघू.” तुकडा कापला. मुलांनी मायक्रोमीटरने ८० मि.मी. अंतरावरचे दोन व्यास मोजले. फरक चारच्या जवळपास हवा होता, तो आठ मि.मी. आला. बरोबर दुप्पट.

चूक कोठे झाली? ०.०५०२ हे मान व्यासाचे आहे. टूल मात्र एकाच बाजूने कापते. टूल १ मि.मी. आत गेले की व्यास २ मि.मी. कमी होतो. म्हणून टूलची चाल व्यासातील फरकाच्या निम्मी हवी. सूत्र असे :

अर्धकोनाचा टॅन = (मोठा व्यास – लहान व्यास) ÷ (२ × लांबी)

आमच्या हातून तो २ राहून गेला होता. योग्य चाल १०० मि.मी.ला २.५१ मि.मी. आणि अर्धकोन १ अंश २६ मिनिटे. फळ्यावरचे आकडे खोडून आम्ही मुलांसमोर तेथेच दुरुस्त केले. एका मुलाने विचारले, “सर, मग वहीत काय ठेवू, पहिलं की दुसरं?” आम्ही सांगितले, दोन्ही ठेव. चुकीच्या ओळीवर काट मार, पण ती वाचता येईल अशी राहू दे.

यात खरी शिकवण मायक्रोमीटरची आहे. आमचे पद, आमची पदवी, फळ्यावरचे सुवाच्य अक्षर, यांपैकी कशाचाही त्या लोखंडाच्या तुकड्यावर परिणाम झाला नाही. काकांना चूक आधीच कळली होती का, हे आम्ही त्यांना विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

आजोबांची रीत

आजोबांनी मग गणिताशिवायची रीत दाखवली. एक खात्रीचा, चांगल्या प्रतीचा ३ क्रमांकाचा आर्बर, ज्याच्या दोन्ही टोकांना सेंटरची भोके आहेत, असा त्यांनी लेथच्या दोन सेंटरमध्ये धरला. टूलच्या जागी डायल गेज बसवले आणि त्याची सुई आर्बरच्या अंगाला अगदी सेंटरच्या उंचीवर टेकवली. अटॅचमेंट जोडून कॅरेज हळूहळू चालवली. पट्टीचा कोन बरोबर असेल तर गेज आर्बरच्या उताराबरोबरच तिरपे चालेल आणि सुई हलणार नाही. हलली तर पट्टी किंचित वळवायची.

गणिताने लावलेल्या पट्टीवर ७० मि.मी.च्या चालीत सुई एका शतांश मि.मी.ने हलली. पट्टीला लाकडी हातोडीने अगदी हलका टोला दिला आणि सुई स्थिर झाली. मुलांनी विचारले, मग गणित कशाला? उत्तर असे की, नमुन्याचा आर्बर हाताशी असेल तेव्हा आजोबांची रीत उत्तम. नमुना नसेल, फक्त नकाशा असेल, तेव्हा गणिताला पर्याय नाही. दोन्ही येणे सर्वांत चांगले, कारण एक दुसऱ्याची परीक्षा घेते.

शेवटच्या दोन सूचनाही त्यांच्याच. टूलची धार बरोबर सेंटरच्या उंचीवर हवी. ती १ मि.मी. खाली असली तर या आर्बरच्या ८१ मि.मी. लांबीत व्यासात दोन शतांश मि.मी.च्या जवळपास फरक पडतो आणि बाजूही पूर्ण सरळ राहत नाही, सूक्ष्म वक्र होते. आणि काप सुरू करताना टूल कामाच्या १०-१५ मि.मी. अलीकडून आणायचे, म्हणजे पिना आणि गिब यांतील सैलपणा कामाला लागण्यापूर्वीच एका बाजूला जातो. मधूनच सुरुवात केली तर टोकापाशी तेवढा भाग सरळ दंडगोल कापला जातो.

फळ

ई.एन. ८ पोलादाचा नवा आर्बर तयार झाला. पहिल्या शाईच्या परीक्षेत रेघा बारीक टोकाकडे जास्त पुसल्या, म्हणजे कोन किंचित लहान. पट्टी जरा वळवून अगदी बारीक काप दिला. दुसऱ्या वेळी मध्ये एक पट्टा राहिला. तिसऱ्या वेळी जवळजवळ सगळ्या लांबीवर तिन्ही रेघा पुसल्या गेल्या. आर्बर बसवला, लाकडी ठोकळ्याने एक टोला दिला आणि काकांनी आम्हाला चक धरून ओढायला सांगितले. आम्ही दोन्ही हातांनी ओढला, हलला नाही. बाहेर काढायला ड्रिफ्टच लागली. आता प्रत्येक सत्राच्या आरंभी ही शाईची परीक्षा होते आणि नोंदवहीत त्याची तारीख व सही असते. सही विद्यार्थ्याची आणि आमची, दोघांची.

विश्वस्त मंडळास निवेदन

आम्ही आमचे पूर्वीचे अनुमोदनाचे पत्र मागे घेत आहोत. भावनेच्या भरात नव्हे, म्हणून आपल्या मनात येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. आज कारखान्यांत सी.एन.सी. लेथवर टेपर एका ओळीच्या आज्ञेने कापला जातो. टेपर अटॅचमेंट तेथे कोणी लावत नाही. मग मुलांनी हे का शिकावे?

त्या सी.एन.सी. लेथवरही ‘एक्स’चे आकडे साधारणपणे व्यासात द्यावे लागतात, तर टूल सरकते त्रिज्येत. जो विद्यार्थी आमच्यासारखा तो २ विसरेल, त्याचे काम तेथेही बिघडेल आणि वेगही अधिक असल्याने क्षणात बिघडेल. संगणक हवेतच, त्याला आमचा विरोध नाही. परंतु पडद्यावर चुकलेला आकडा खोडता येतो. लोखंडावर चुकलेला आकडा हातात घेऊन मोजावा लागतो. हा अनुभव आपल्या मुलांना एका तरी खोलीत मिळावा. खर्चाचे म्हणाल तर ग्राइंडिंग, पोलाद आणि काही बोल्ट एवढेच विकत आणले, बाकी सर्व कार्यशाळेतील पडीक साहित्य होते. पूर्ण हिशेब कार्यालयात पाहावयास ठेवला आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेले नियम कार्यशाळेच्या दारावर लावले आहेत. पालकांनी येऊन पाहावे आणि काही उणे वाटल्यास अवश्य सांगावे. मंडळाचा जो निर्णय होईल तो आम्हास मान्य राहील. निर्णयापूर्वी एकदा आपण कार्यशाळेत यावे आणि शाईची परीक्षा स्वतः करून पाहावी, एवढीच नम्र विनंती.

स्वाध्याय

१. २ क्रमांकाच्या मोर्स टेपरचे मान दर मि.मी.ला ०.०४९९५ आहे. कॅरेज १०० मि.मी. चालली तर क्रॉस स्लाइड किती सरकली पाहिजे? (दोनने भागायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.)

२. एका पिनेचा मोठा व्यास ३० मि.मी., लहान व्यास २६ मि.मी. आणि टेपरची लांबी १२० मि.मी. आहे. टेपरचे प्रमाण किती? अर्धकोनाचा टॅन किती?

३. हीच पिन टेलस्टॉक सरकवून करायची आहे आणि कामाची एकूण लांबी १८० मि.मी. आहे. टेलस्टॉक किती सरकवावा लागेल?

४. आपल्या चकच्या आतील टेपर २ क्रमांकाच्या मानाचा आहे आणि त्याची लांबी २४ मि.मी. आहे. तो चुकून ३ क्रमांकाच्या मानाने कापला तर व्यासात किती फरक पडेल? तो फरक नुसत्या डोळ्यांना दिसेल का?

५. घरातील सरळ बाजूंचा एखादा निमुळता स्टीलचा पेला घ्या. वरचा व्यास, खालचा व्यास आणि उंची मोजून त्याचा टेपर काढा. असे दोन पेले एकात एक घट्ट अडकतात ते का, हे आई-वडिलांना समजावून सांगा आणि काढायची युक्ती त्यांच्याकडून शिकून घ्या.

उत्तरे वहीत लिहून काकांना दाखवावीत. खाडाखोड चालेल, पण पहिले उत्तर वाचता आले पाहिजे.

— प्राचार्य